काकांचा भोंगा

"दिवा लागला होता हो दादा, पण बाबा उठलेच नाहीत."

फोनवर एवढंच ऐकून मला आधी काही उलगडा होईना. मी न्यू जर्सीत इलेक्ट्रिशियन आहे. नाशिकला सातपूरच्या आयटीआयमधून वायरमन झालो आणि पुढे नशीब इकडे घेऊन आलं. एडिसनच्या आसपास मराठी माणसांची घरं भरपूर, त्यामुळे पंखा लावण्यापासून गाडीच्या चार्जरपर्यंत सगळ्यांचे फोन येत असतात. दिवा लागत नाही ही रोजची तक्रार. पण लागला आणि उपयोग झाला नाही, हे पहिल्यांदाच ऐकत होतो.

हकिगत अशी. घरात मुलगा, सून, नववीतली नात आणि वर्षभरापूर्वी इकडे राहायला आलेले काका. साखर कारखान्यात टर्बाइनशेजारी चौतीस वर्षं काढलेला माणूस, कान जवळजवळ गेलेले. रात्री कानातलं मशीन काढून डबीत ठेवलं की कारभार संपला. नातीने रात्री दीडला मायक्रोवेव्हमध्ये पॉपकॉर्न लावलं आणि मोबाइल बघत बसली. पॉपकॉर्नचा कोळसा झाला, खालच्या पॅसेजमधला स्मोक अलार्म कोकलायला लागला. आग नव्हती, नुसता धूर. पण वरच्या मजल्यावरचे अलार्म वाजलेच नाहीत. मुलगा आणि सून उठले ते नातीच्या हाकेने. आणि अलार्मपासून दहा फुटांवरच्या खोलीत काका भिंतीकडे तोंड करून गाढ झोपलेले. त्यांच्या उशाशी खास याच कामासाठी बसवलेला दिवा लखलखत होता.

भारतातल्या वाचकांसाठी थोडं सांगतो. इकडची घरं लाकडी सांगाड्याची, वरून जिप्समचे पातळ पत्रे. पेटायला वेळ लागत नाही. म्हणून प्रत्येक झोपायच्या खोलीत, त्या खोल्यांच्या बाहेर आणि प्रत्येक मजल्यावर छताला स्मोक अलार्म असतो. नव्या घरांत हे सगळे एकमेकांना तारेने जोडलेले. तळघरात धूर झाला तर वरच्या बेडरूममधलाही वाजला पाहिजे. त्यासाठी तीन तारांची केबल फिरवतात. काळी, पांढरी, लाल. उघडी तांब्याची अर्थिंगची वेगळी.

इथे आपल्या हातांची गोची होते. आयटीआयमध्ये माझ्या डोक्यात बसलेलं गणित म्हणजे लाल फेज, काळी न्यूट्रल. इकडे काळी हॉट, म्हणजे आपली फेज, पांढरी न्यूट्रल. पहिल्या वर्षी मी काळ्या तारेला निर्धास्त हात लावायला गेलो होतो, बरोबरच्या माणसाने मनगट धरलं म्हणून बरं. अलार्मच्या केबलमधली लाल तर तिसरंच प्रकरण. ती फेजही नाही आणि न्यूट्रलही नाही. धूर लागलेला अलार्म या तारेवर बारीकसा व्होल्टेज टाकतो, या घरातल्या कंपनीच्या अलार्ममध्ये पांढऱ्या तारेच्या हिशोबाने साधारण ९ व्होल्ट. तो दिसला की बाकीचे ओरडायला लागतात. बस्स, एवढंच तिचं काम.

शनिवारी सकाळी आठला पोचलो. मुलगा सॉफ्टवेअरमधला, हुशार, आणि त्याला हाताने काही करायची हौस. दारातच म्हणाला, "मी केलंय ते आधी बघा, मग रागवा." मला तेव्हाच अंदाज यायला हवा होता.

शिडी लावून पॅसेजमधला अलार्म फिरवून काढला. मागच्या डब्यात लाल तारेच्या जोडातून एक टेलिफोनची बारीक वायर निघालेली, दुसरी पांढरीच्या जोडातून. ती जोडी कॉर्निसच्या मागून काकांच्या खोलीत, पलंगामागून खाली, आणि प्लास्टिकच्या साबणदाणीत ठेवलेल्या छोट्या रिलेपर्यंत, म्हणजे विजेच्या इशाऱ्यावर चालू-बंद होणाऱ्या स्विचपर्यंत. रिलेच्या पलीकडे टेबललॅम्प. "लाल म्हणजे प्लस धरलं," तो म्हणाला. "मोजलं तर ९ व्होल्ट आले. मग ५ व्होल्टची रिले लावली, रेझिस्टर टाकून. टेस्टचं बटण दाबलं, दिवा लागला."

"आणि वरचे वाजले का तेव्हा?"

तो गप्प. अलार्मच्या खाली उभं राहून बटण दाबलं की कानाचे पडदे फाटायची वेळ येते. त्यात वरचे वाजतायत की नाही हे कुणाला कळणार? त्याने पाहिला तो दिवा. दिवा लागला, पोरगा खूश.

मी मीटर लावला. साबणदाणी जोडलेली असताना बटण दाबलं, तर लाल तारेवर चारच्या जरा वर. त्याची रिले ओढायला ते पुरेसं होतं, पण वरच्या अलार्मांना ओळख पटायला नाही. साबणदाणीची वायर सोडली, परत दाबलं. ९ व्होल्ट, आणि सगळं घर एकदम बोंबललं. वरून वहिनी धावत बाहेर आल्या.

मुलाला मी गावच्या भाषेत सांगितलं. लाल तार म्हणजे सांगावा घेऊन पळणारं पोरगं. त्याच्या डोक्यावर तू धान्याचं पोतं दिलंस. पोतं कसंबसं पोचलं, सांगावा राहिला. म्हणजे वडिलांसाठी लावलेल्या दिव्याने बाकी तिघांचे अलार्म मुके केले होते, तेही जवळजवळ आठ महिने. त्याचा चेहरा उतरला. मी आणखी एक गोष्ट सांगणार होतो, ती जरा थांबून सांगितली. ते ९ व्होल्ट बॅटरीसारखे सुटे नाहीत, घराच्या न्यूट्रलला बांधलेले आहेत. कुठल्या तरी अलार्मवर उद्या कुणी काळी-पांढरी उलटी जोडली, तर काकांच्या पलंगामागून जाणाऱ्या टेलिफोनच्या वायरीत १२० व्होल्ट येऊ शकतात. त्या वायरीचं इन्शुलेशन त्यासाठी नाही. म्हणून अशी वायर या डब्यात शिरता कामाच नये.

मग अलार्म उलटे करून पाठीवरची तारीख बघितली. २०११. सहाच्या सहा. यांचं आयुष्य दहा वर्षं, नंतर आतल्या सेन्सरचा भरवसा नाही. आणि काकांच्या खोलीत तर अलार्मच नव्हता. कारण बिल्डरच्या नकाशात ती झोपायची खोली नव्हतीच, ऑफिस होतं. हे मी आपल्या लोकांच्या घरात दहादा पाहिलंय. आईवडील येणार, त्यांना जिना नको, म्हणून खालचं ऑफिस रिकामं करून पलंग टाकतात. पडदे लागतात, देव्हारा येतो, छताकडे कुणी बघत नाही.

खर्चाचा आकडा ऐकून मुलगा जरा अडखळला. सगळे एकाच कंपनीचे का, विचारलं. कारण वेगवेगळ्या कंपन्यांची लाल तारेवरची भाषा एकच असेल याची कुणी हमी देत नाही, आणि सरमिसळ करू नका असं पुस्तिकेतच छापलेलं असतं. त्याला जोडायची प्रकाशाची वस्तू आणि रिले मॉड्यूलही त्याच कंपनीने मान्य केलेल्या यादीतलं हवं. वहिनींनी आतून सांगितलं, "घ्या सगळे नवे. विचारू नका त्याला."

खरा वेळ गेला तो पॅसेजमधून काकांच्या खोलीत तीन तारांची केबल न्यायला. नशिबाने छतातल्या तुळया त्याच दिशेने जात होत्या. मधल्या भिंतीच्या माथ्यावर मात्र दोन आडव्या फळ्या. लांब लवचीक ड्रिल डब्याच्या भोकातून आत घालून, दिसत काही नाही, फक्त हाताला आवाज जाणवतो, लाकूड लागलं का जिप्सम. दोनदा चुकलो. तिसऱ्यांदा पलीकडे गेलो आणि फिश टेपचं, म्हणजे केबल ओढायच्या लवचीक पट्टीचं, टोक काकांच्या छतातून खाली आलं. खाली काका खुर्चीत बसून सगळं बघत होते. टोक दिसताच म्हणाले, "आला रे, आला साप बिळातनं!"

त्यांच्याशी बोलताना एक गंमत लक्षात आली. मुलाचं बोलणं त्यांना बऱ्यापैकी कळत होतं, वहिनींचं अर्धवट, नातीचं अजिबात नाही. म्हणून नात त्यांच्याशी घसा खाली दाबून, सिंहासारखा जाड आवाज काढून बोलायची. "आजोबाऽऽ, चहाऽऽ." मी हसलो, पण तिला बरोबर कळलेलं होतं. वय झालं किंवा कारखान्याच्या आवाजात आयुष्य गेलं की आधी जातो तो बारीक, उंच आवाज. आणि साध्या अलार्मची किंकाळी असते ३००० हर्ट्झच्या थोडी वर. नेमकी तिथेच काकांचे कान बंद. दहा फुटांवर ८५ डेसिबल असला तरी त्यांच्यासाठी शून्य.

"मग फ्लॅश मोठा लावू या," मुलगा म्हणाला. लावलाच. छताजवळ बसवायचा तर १७७ कँडेलाचा (हे प्रकाशाच्या तीव्रतेचं माप) लागतो, कारण धूर वर साठतो आणि प्रकाश गिळतो. खाली बसवला तर ११० चालतो. पण मी त्याला स्पष्ट सांगितलं, की झोपलेल्या माणसाला नुसत्या प्रकाशावर सोडू नकोस. मेलबर्नच्या व्हिक्टोरिया विद्यापीठात २००७ मध्ये ऐकू कमी येणाऱ्या लोकांवर प्रयोग झाला होता. झगमगत्या प्रकाशाने जागे झाले २७ टक्के. ५२० हर्ट्झच्या जाडसर आवाजाने ९२ टक्के. तुझा लॅम्प त्या रात्री चालू होता, तू स्वतः पाहिलंस.

म्हणून उशाशी एक यंत्र ठेवलं. त्याला छतातली एकही तार नाही. ते ऐकत असतं. धुराच्या अलार्मची चाल ठरलेली, तीन लांब टिपा आणि मग थांबा, पुन्हा तीन. कार्बन मोनॉक्साइडची चार छोट्या. हे यंत्र तीनची चाल ओळखून खात्री करून घेतं आणि मग स्वतः ५२० हर्ट्झचा आवाज काढतं, शिवाय गादीखाली ठेवलेली चकती थरथरवतं. यासाठीच काकांच्या खोलीत स्वतःचा अलार्म हवा होता. यंत्राच्या कानावर काहीतरी पडलं तर पाहिजे! त्याला बॅटरीही आहे. छतातल्या फ्लॅशला नाही, वीज गेली की तो आंधळा.

रिले मॉड्यूलही बसवलं, मुलाच्या समाधानासाठी आणि थोडं माझ्याही. वेगळ्या डब्यात, काळी पांढरी लाल तिन्ही जोडून. हे मॉड्यूल आपली ताकद १२० व्होल्टमधून घेतं, लाल तारेकडून फक्त खबर. त्याचे संपर्क पॅसेजच्या दिव्याच्या बटणाला समांतर टाकले, सर्किट तेच. अलार्म झाला की बटण बंद असलं तरी खोलीपासून दारापर्यंत उजेड. मुलगा शिडीखाली उभा राहून बघत होता. "म्हणजे मी हेच करत होतो," तो हळूच म्हणाला. मी म्हटलं, "हेच करत होतास. फक्त मजुरी चुकीच्या पोराकडून घेत होतास."

साडेचारला परीक्षा घेतली. काका मशीन काढून पलंगावर आडवे, भिंतीकडे तोंड, डोळे मिटलेले. नातीला वरच्या मजल्यावर पाठवलं, तिच्या खोलीतल्या अलार्मचं बटण दाबायला. मी काकांच्या दारात, मुलगा तळघरात, वहिनी वरच्या पॅसेजमध्ये. यावेळी प्रत्येक जण आपापल्या डोक्यावरचा अलार्म ऐकणार होता.

सगळे वाजले. फ्लॅश सुरू झाला, काका तसेच. पॅसेजचा दिवा लागला, तसेच. उशाजवळचं यंत्र अजून गप्पच. माझ्या पोटात गोळा. नातीला मी बटण दाबून धरायला सांगितलं होतं, तिने मध्येच सोडलं की काय? तेवढ्यात यंत्राने जाड, घोगरा भुंकारा दिला आणि गादी थरथरली.

काका ताडकन उठून बसले. पाय खाली टाकून चपला शोधायला लागले. सगळं शांत झाल्यावर मशीन कानात घातलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "अरे, हा तर भोंगा! पाळी बदलली काय?"

मग तो त्यांना तीनदा ऐकायचा होता. कारखान्याचा जरा आणखी जाड होता, म्हणाले, पण जात तीच. शेजारच्या घरातला गोरा म्हातारा कुंपणापाशी येऊन बघून गेला.

मी जुने अलार्म पिशवीत भरले, डब्यांची झाकणं लावली, नव्यांच्या पाठीवरच्या तारखा फोटोत घेऊन मुलाला पाठवल्या. साबणदाणी, रिले आणि टेलिफोनच्या वायरीचं भेंडोळं कचऱ्यात टाकायला उचललं, तर काकांनी हात पुढे केला.

"ते इकडं दे."

"काका, हे आता जोडायचं नाही हं. बिलकूल नाही."

"जोडत नाही रे. पोरानं केलंय माझ्यासाठी." त्यांनी वायर नीट गुंडाळून साबणदाणीत बसवली आणि कानाच्या मशीनच्या डबीशेजारी खणात ठेवून दिली.