आधी डबा उघडा

खंडेनवमीला ऑफिसातला डिझाइनचा कॉम्प्युटर हळदीकुंकू लावून घेतो, झेंडूचा हार मिरवतो आणि दसरा झाला की परत टेबलाखाली जातो. बाजूचं झाकण त्या दिवशीही कुणी उघडत नाही. थोडं कुंकू पंखाच आत ओढून घेतो, तेवढीच काय ती आतली पूजा. मग एप्रिल-मेच्या उकाड्यात कधीतरी स्क्रीनवर हिरव्या-गुलाबी रेषा उमटतात, कोरलड्रॉ उघडताना पडदा काळा पडून परत येतो आणि निदान जाहीर होतं: ग्राफिक कार्ड गेलं!

पडद्यावरचं चित्र तयार करणारं हे कार्ड गेलं असेलच असं नाही. वायर काढून पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरावं, म्हणजे साठलेला करंट उतरतो. कार्डाचा स्क्रू काढावा, स्लॉटच्या टोकाला असलेली छोटी खिट्टी दाबावी आणि मग कार्ड सरळ वर उचलावं. खिट्टी न दाबता हिसका दिला तर स्लॉटच तुटतो, आणि मग खर्च मदरबोर्डापर्यंत जातो. कार्डाची सोनेरी पट्टी साध्या पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने पुसावी, पंख्यातली धूळ ब्रशने काढावी, परत बसवून पाहावं. बरीच 'गेलेली' कार्डं इथेच जिवंत होतात. तरीही रेषा राहिल्या तर कार्ड काढून ठेवावं आणि मॉनिटर बोर्डाच्या पोर्टला लावून दिवसभर काम करावं (प्रोसेसरमध्ये आतलं ग्राफिक्स असेल तरच हे जमतं). रेषा गेल्या तर दोष कार्डाचा. नाही गेल्या तर केबल, मॉनिटर नाहीतर रॅम.

रेषा नाहीत, पण 'मशीन स्लो चालतं म्हणून मोठं कार्ड टाकू' अशी टूम निघाली असेल तर जरा थांबावं. सिंहस्थाच्या निमित्ताने नाशिकभर फ्लेक्स लागणार, त्यातलाच एक घ्या: २० फूट बाय १० फूट. ७२ डीपीआयला (इंचाला ७२ ठिपके) तो १७,२८० बाय ८,६४० पिक्सेलचा होतो, म्हणजे जवळपास १५ कोटी पिक्सेल. छपाईच्या सीएमवायके रंगांत प्रत्येक पिक्सेलला चार बाइट धरले तर एका भरलेल्या लेयरला सुमारे ६०० एमबी लागतात. साधू-महंत, स्वागतोत्सुक आणि खाली शुभेच्छुकांचे चोवीस गोल फोटो असे लेयर चढत गेले की ८ जीबी रॅम कधीच संपते आणि फोटोशॉप हार्ड डिस्कवर खरडू लागतं. त्यात कुणी हौसेने ३०० डीपीआय ठेवलं तर तोच लेयर दहा जीबीच्या वर जातो. इथे कार्ड बिचारं रिकामं बसलेलं असतं. पैसे आधी रॅमला आणि एसएसडीला घालावेत. कोरलचंही तसंच, त्याचा बराचसा भार प्रोसेसरवर असतो. अंबडच्या टूलरूममधल्या टूडी ड्रॉइंगला आतलं ग्राफिक्ससुद्धा पुरतं. कार्डाची खरी भूक गंगापूर रोडवरच्या आर्किटेक्टच्या ऑफिसात असते. लुमियन किंवा एन्स्केप या थ्रीडी चित्रं बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बंगल्याभोवती झाडं उगवू लागली की ४ जीबीचं कार्ड गुडघे टेकतं.

आता दुकानात जाण्याआधीचं काम. झाकण उघडून एसएमपीएसवरच्या (मशीनला वीज पुरवणाऱ्या पेटीवरच्या) लेबलाचा मोबाईलवर फोटो काढावा. ब्रँडेड कंपन्यांच्या ऑफिस डब्यांत (कॅबिनेटमध्ये) तो पुष्कळदा १८० किंवा २४० वॅटचाच असतो आणि त्याला कार्डासाठी वेगळी पिन नसते. बोर्डाचा स्लॉट जास्तीत जास्त ७५ वॅट देतो, ६ पिनची वायर आणखी ७५, ८ पिनची १५०. पिन नसेल तर ७५ वॅटच्या आतलंच कार्ड घ्यावं. 'कन्व्हर्टर लावून देतो' म्हणणाऱ्याला हसून नाही म्हणावं, कारण ती वायर पिन देते, वॅट देत नाही. मग फूटपट्टी: स्लॉटपासून समोरच्या हार्ड डिस्कच्या खणापर्यंतची लांबी मोजावी, आणि डबा बारका असेल तर कार्ड मागे स्क्रूने धरणारी अर्ध्या उंचीची पट्टी सोबत मिळते का ते विचारावं.

नावांवर अजिबात जाऊ नये. आरटीएक्स ३०५० नावाची दोन वेगळी कार्डं आहेत. ६ जीबीचं ७० वॅटचं आणि बहुतेक मॉडेलांत विनापिनचं, ८ जीबीचं १३० वॅटचं आणि पिन मागणारं. जुन्या डब्याला पहिलं चालतं, आणि माझ्या मते आज तोच सगळ्यात बिनघोर सौदा आहे. जीटी १०३०चे तर जीडीडीआर५ आणि डीडीआर४ असे दोन अवतार. दुसऱ्याच्या मेमरीचा वेग पहिल्याच्या जेमतेम एक तृतीयांश, पण खोक्यावरचं मोठं नाव तेच. आरएक्स ६४०० वॅट कमी खातं, पण चारच लेनवर (बोर्डाशी बोलायच्या मार्गिकांवर) चालतं, त्यामुळे तिसऱ्या पिढीच्या पीसीआय एक्सप्रेस बोर्डावर मार खातं. व्हिडिओ एन्कोड करण्याचं हार्डवेअरही त्यात नाही. इंटेल आर्क कार्डांना रिसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) लागतो, तो जुन्या बोर्डात शोधू नये. जीटी ७१० अजून कपाटात दिसतं. ते फक्त डिस्प्ले आणण्यापुरतं आहे, डिझाइनसाठी नव्हे.

सेकंडहँडसाठी काही जण पंचवटी एक्सप्रेस पकडून मुंबईचा लॅमिंग्टन रोड गाठतात. तिथे कार्ड चालू करून जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. कार्डातला बायोस (आतला मूळ प्रोग्राम) बदलून जुनं कार्ड '१०५० टीआय' म्हणून खपवण्याची हातचलाखी मुरलेली आहे, आणि फसलं तर परतीचं भाडंही आपलंच. नवं घेतलं तर बिलावर सीरियल नंबर लिहून घ्यावा, नाहीतर वॉरंटी असूनही खोकं छातीशी धरून फिरावं लागतं.

मॉनिटरकडे शेवटी पाहिलं जातं, खरं तर ते आधी हवं. जुन्या मॉनिटरला निळं व्हीजीए, नव्या कार्डाला एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट. मधे चिप असलेला कन्व्हर्टर लागतो. नुसती पिन बदलणारी स्वस्त टोपी बसते, चित्र येत नाही.

जुना ड्रायव्हर सेफ मोडमध्ये डीडीयू या ड्रायव्हर पुसणाऱ्या सॉफ्टवेअरने काढावा, मग कार्ड बदलावं. २०१२च्या आसपासच्या बोर्डावर नवं कार्ड डिस्प्लेच देत नाही असंही होतं, म्हणून दुकानदाराशी 'नाही चाललं तर परत' हे आधीच ठरवावं. पण घाबरण्याआधी मागे वाकून पाहावं. नवं कार्ड बसवून केबल जुन्या सवयीने बोर्डाच्याच पोर्टात खुपसलेली असते, आणि कार्ड डिफेक्टिव्ह म्हणून दुकानात फोनही गेलेला असतो.

उतरवलेलं कार्ड 'असू दे, लागेल कधी' म्हणून ड्रॉवरमध्ये जाईल. त्यावर मार्करने 'रेषा येतात' एवढं लिहून ठेवावं. नाहीतर वर्षाने कुणीतरी तेच मोठ्या आशेने शेजारच्या मशीनला लावेल.