क्लिनिकल ट्रायल: संमतीची वेळ, गोळ्यांचा हिशेब आणि पहिले २४ तास

ट्रायलचं काम तपासणारा मॉनिटर साइटवर, म्हणजे ट्रायल चालते त्या दवाखान्यात, आला की दोन कागद शेजारी शेजारी ठेवतो: पेशंटचं संमतीपत्र आणि स्क्रीनिंगचा, म्हणजे पेशंट ट्रायलमध्ये बसतो का ते बघणाऱ्या तपासणीचा, लॅब रिपोर्ट. संमतीची वेळ ११.२० आणि रक्त घेतल्याची वेळ १०.४५ दिसली, की पुढचं काम कितीही चोख असो, प्रोटोकॉलचं, म्हणजे ट्रायलच्या लेखी आराखड्याचं, उल्लंघन झालेलं असतं, कारण संमतीआधी ट्रायलचं काहीच करायचं नसतं. हे घडतं कसं, तर पेशंट सकाळीच आलेला असतो, डॉक्टर राउंडवर असतात, आणि ‘तोवर रक्त तरी काढून घेऊ’ असं कोणीतरी म्हणतं. इतकंच नाही, केवळ ट्रायलच्या तपासणीसाठी पेशंटला उपाशी यायला सांगणं हासुद्धा ट्रायलचाच भाग आहे. त्यामुळे संमतीची बोलणी आदल्या दिवशी उरकावीत. पेशंटला कागद घरी नेऊन वाचता येतो, घरच्यांशी बोलता येतं, आणि घाईत घेतलेल्या सहीपेक्षा ती सही खरी असते.

सही घेण्याआधी संमतीपत्राच्या तळाचा व्हर्जन नंबर एथिक्स कमिटीच्या (ट्रायलला मंजुरी देणाऱ्या नैतिकता समितीच्या) मंजुरीपत्राशी ताडून बघा. इंग्रजी, मराठी, हिंदी अशा प्रत्येक भाषेतल्या प्रतीला मंजुरी लागते. नवं व्हर्जन मंजूर झालं की जुन्या कोऱ्या प्रती त्याच दिवशी कपाटातून बाहेर काढा; गर्दीच्या ओपीडीत हाताला लागेल ती प्रत भरली जाते. पेशंटने सहीखालची तारीख स्वतःच्या हाताने घालायची, साइटवरची कामं सांभाळणाऱ्या कोऑर्डिनेटरने नाही. वाचता न येणाऱ्या पेशंटसाठी निःपक्षपाती साक्षीदार लागतो, आणि तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत समोर हवा. अंगठा झाल्यावर वॉर्डबॉयला बोलावून सही घेणं म्हणजे साक्षीदार नसणंच. फॉर्ममध्ये शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न आणि नॉमिनीचं नाव विचारलेलं असतं. उत्पन्नाला लोक बिचकतात, नॉमिनी म्हटलं की चेहरा उतरतो. हे कशासाठी ते शांतपणे सांगा, रकाना कोरा सोडू नका. शेवटी माहितीपत्रक आणि सही केलेल्या संमतीपत्राची प्रत पेशंटला द्या, आणि दिल्याची नोंद केस पेपरवर करा.

असुरक्षित गटातल्या पेशंटवर नव्या रासायनिक घटकाची किंवा नव्या रेणूची ट्रायल असेल, तर संमतीचं व्हिडिओ रेकॉर्डिंग सक्तीचं आहे. एचआयव्ही आणि कुष्ठरोगाच्या औषधांसाठी फक्त आवाजाचं. रेकॉर्डिंगच्या आधी कॅमेऱ्याचं घड्याळ भिंतीवरच्या घड्याळाशी जुळवा. फाइलवर एक वेळ आणि कागदावर दुसरी असली, तर कोणती खरी याचं उत्तर सहा महिन्यांनी कोणालाच देता येत नाही.

गोळ्यांचा हिशेब सोपा वाटतो, चुका तिथेच होतात. समजा रोज २ गोळ्या, २८ दिवस. म्हणजे ५६ लागतात. बाटलीत ६० दिल्या, पेशंटने ८ परत आणल्या. घेतल्या ५२, म्हणजे लागणाऱ्या ५६ च्या जवळपास ९३ टक्के. पण पेशंट ३०व्या दिवशी आला असेल आणि तोवर गोळ्या चालूच ठेवायच्या असतील, तर घ्यायला हव्या होत्या ६०. आकडा ८७ टक्क्यांच्या खाली येतो. भाजक नेहमी प्रत्यक्ष दिवसांवरून काढा. पहिल्या दिवशी सकाळचा डोस दवाखान्यात झाला की संध्याकाळपासून सुरुवात, हेही सोर्समध्ये, म्हणजे पेशंटच्या मूळ नोंदीत, लिहा. आणि रिकामी बाटलीसुद्धा परत आणायला सांगा, नाहीतर ‘संपल्या’ या शब्दावर विश्वास ठेवण्यापलीकडे हातात काही राहत नाही.

सगळ्यात जास्त धावपळ होते ती गंभीर प्रतिकूल घटनेच्या वेळी, म्हणजे एसएईच्या. मृत्यू, जिवाला धोका, भरती होणं किंवा मुक्काम लांबणं, कायमचं अपंगत्व, बाळात जन्मजात दोष, हे निकष आहेत. त्रास किती तीव्र आहे हा निकष नाही. असह्य डोकेदुखी होऊन पेशंट घरीच बरा झाला तर ती एसएई नाही. दुचाकीवरून पडून हाड मोडलं आणि रात्रभर भरती व्हावं लागलं, तर औषधाचा काही संबंध नसला तरी आहे. भारताच्या २०१९च्या नवी औषधं आणि क्लिनिकल ट्रायल नियमांनुसार इन्व्हेस्टिगेटरने, म्हणजे साइटवर ट्रायल चालवणाऱ्या डॉक्टरने, २४ तासांत केंद्रीय परवाना प्राधिकरण, स्पॉन्सर (ट्रायल करवून घेणारी कंपनी किंवा संस्था) आणि एथिक्स कमिटीला कळवायचं असतं. उशीर झाला तर कारणासकट. सविस्तर विश्लेषणाला १४ दिवस मिळतात, म्हणून निदान पक्कं होण्याची वाट बघत पहिला रिपोर्ट अडवून धरू नका. हातात आहे तेवढं पाठवा.

अडचण वेगळीच असते: पेशंट तालुक्याच्या दवाखान्यात भरती होतो आणि साइटला कळतं थेट पुढच्या व्हिजिटला. यासाठी पाकिटात मावेल असं कार्ड द्या, त्यावर २४ तास लागणारा नंबर, आणि घरातल्या एका माणसाला तो फोनमध्ये सेव्ह करायला लावा. ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार मोफत मिळतात हेही त्याच माणसाला सांगा. बिलाच्या धास्तीने लोक फोन करत नाहीत.

डिस्चार्ज कार्ड आणि बिलं स्पॉन्सरला पाठवण्याआधी नाव, पत्ता, मोबाइल नंबर काळ्या मार्करने झाका, मग त्याची झेरॉक्स काढा आणि ती झेरॉक्स स्कॅन करा. मूळ कागद तसाच स्कॅन केला, तर मार्करखालचं नाव बऱ्याचदा वाचता येतं.