बत्तीसची एमसीबी

गौरी आवाहनाच्या दिवशी सकाळी सांगलीतल्या एका काकूंचा फोन आला. ओट्याजवळच्या बोर्डातून जळकट वास येत होता. मी पोचलो तेव्हा इंडक्शन, मायक्रोवेव्ह आणि किटली, तिन्ही एकदम चालू. करंट मोजणारा क्लॅम्प मीटर लावला, २० अँपियर.

मेन पाडून बोर्ड उघडला. १६ अँपियरचं सॉकेट मागून करपलं होतं आणि तारेवरचं पीव्हीसीचं आवरण वाकवताच पापडासारखं तडकलं. पाइपात थोडं आत शाबूत राहिलेल्या भागावरची छपाई वाचली: १.५ स्क्वेअर एमएम. म्हणजे दिव्या-पंख्यांची तार! सॉकेट मोठं दिसलं की मागची तारही जाड असेल असं माणूस धरून चालतो. त्यात काकूंचा काय दोष? भिंतीतलं कुणाला दिसतं?

राग आला तो डीबी, म्हणजे घरातल्या सगळ्या लाइन जिथून निघतात ती पेटी, उघडल्यावर. या लाइनला ३२ अँपियरची एमसीबी होती, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडून लाइन बंद करणारा स्विच.

"आधीची १० ची सारखी पडायची रे," काकू म्हणाल्या. "एकाने ही बसवून दिली. तेव्हापासून काही त्रास नाही."

ती १० ची बिचारी आपलं काम चोख करत होती! एमसीबी असते तारेच्या रक्षणाला. पाइपातल्या दीड एमएमवरून सलग चौदा-पंधरा अँपियरपेक्षा जास्त नेऊ नये. करंट दुप्पट झाला की तारेतली उष्णता चौपट होते. २० अँपियरला ३२ ची एमसीबी हलतसुद्धा नाही, तार मात्र भिंतीत तापत राहते. एमसीबी पडते म्हणून मोठी बसवणाऱ्याला मी वायरमन म्हणत नाही.

"सण झाल्यावर केलं तर? पाहुणे यायचेत."

"काकू, आजचा स्वयंपाक गॅसवर करा. ही लाइन मी चालू करणार नाही."

डीबीपासून ओट्यापर्यंत केसिंग पट्टीतून चार एमएमच्या दोन लाइन ओढल्या, अर्थिंगसकट. एक फक्त इंडक्शनला, दुसरी बाकीच्यांना, दोन्हींना २०-२० ची एमसीबी. एवढ्या लोडला अडीचनेही भागलं असतं, पण ओट्यावर उद्या ओव्हनही येतो, आणि तार काही कुणी पुन्हा पुन्हा बदलत नाही. जुनी तार ओढली तर तुकड्यांनी आली. उरलेली दोन्हीकडून तोडून तशीच ठेवली.

निघताना डीबीच्या झाकणावर मार्करने लिहिलं: "ओटा, ४ एमएम, २० अँपियर. याहून मोठी एमसीबी लावू नये."