पिट्ट

मे संपत आला होता. रात्री वळीव आला, लाइट गेली आणि पहाटे परसात कडुलिंबाखालचा पाला कुणीतरी उलटापालटा करू लागलं. तो पाला झाडायचं काम रविवारपासून माझ्याकडे तुंबलेलं. घूस असणार, म्हणून खराटा घेऊन गेलो. निघालं पाखरू.

साळुंकीपेक्षा जरा लहान, उंच पायांचं. शेपटी मात्र कापड कमी पडल्यावर शिंप्यानं आवरतं घ्यावं तशी. टुणकन उडी, एक पान उलटव, खालचा किडा मटकाव, पुन्हा उडी.

मी म्हणालो, हिरवं आहे. बायको खिडकीतून समोरून बघत होती. तिच्या मते बदामी. मुलगी म्हणाली, “बुडाला लाल आहे, बाबा.” फोटो काढून मित्राला पाठवला. त्याचं उत्तर आलं, “कडुलिंब. छान वाढलाय.”

हा मित्र माळढोकवाला. पक्षी म्हटलं की आम्हा सोलापूरकरांची मान नान्नजकडेच वळते. १९७९ साली तिथं अभयारण्य झालं, माळढोक दिसेनासे होत गेले, तरी मान तिकडेच. परसातल्या पाखराला कोण विचारतो! शेवटी फोनवरून वर्णन केलं. पाठ हिरवी, खांद्याला निळा ठिपका, गळा पांढरा, डोळ्यांवरून काळी पट्टी...

“मोजत बसू नको, नवरंग आहे.”

म्हणजे आम्ही तिघंही बरोबर होतो. (घरात असं क्वचित होतं.) नवरंगानं हिवाळा दक्षिणेत नाहीतर श्रीलंकेत काढायचा आणि पावसाच्या तोंडावर विणीसाठी वर सरकायचं, तेही रात्रीचा प्रवास करत. दमलं, वादळात सापडलं, की दिसेल त्या झाडाखाली उतरायचं. आमच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या खडखडाटातसुद्धा.

इंग्रजी नाव सापडलं: इंडियन पिट्टा. एवढी विद्या पोटात राहीना. भिंतीपलीकडच्या तेलुगू अव्वा दात घासत उभ्या होत्या.

“काय बघलालास रे?”

“अव्वा, ह्याला पिट्टा म्हणतात.”

अव्वांनी चूळ भरली. “पिट्टच की! मग काय मांजर म्हणतात?”

तेलुगूत पिट्ट म्हणजे पाखरू. कुठलंही, लहानसं. मघाशी पाखरू बघायला त्यांनी नातवाला “पिट्ट, पिट्ट” म्हणून हाक मारली, तेव्हा बिचाऱ्यांना नाव ठाऊक नाही असं मला वाटलं होतं. मग शोधलं, तर एका फ्रेंच पक्षितज्ज्ञानं १८१६ मध्ये या पाखरांच्या गटाला नाव देताना हाच तेलुगू शब्द उचललेला. सकाळभर खटपट करून मी काय शोधलं, तर पाखराला पाखरू म्हणतात.

तिसऱ्या दिवशी पाला जागचा हलला नव्हता. मी खराटा उचलला, तशी भिंतीवरून हाक आली,

“राहू दे की रे तो कचरा!”