शब्दांकन दुसऱ्याचं, सही बक ओ'नील यांची

एप्रिल २०२२. कॅन्सस सिटीला निघाले ती ताईकडे. ताई म्हणजे माझी मावसबहीण, शेजारच्या ओव्हरलँड पार्कमध्ये राहते. चार दिवस मुक्काम, आणि त्यातला दीड दिवस मी एकटी बाहेर असेन, हे तिला न्यू जर्सीहून निघायच्या आधीच सांगून ठेवलं होतं. "पुस्तकं ना?" तिने विचारलं. "जा. पण रात्री जेवायला घरी ये, भरली वांगी करणार आहे."

गेली अकरा वर्षं मी बेसबॉल खेळाडूंची आत्मचरित्रं जमवते आहे. नुसती आत्मचरित्रं नाहीत, ज्याचं आयुष्य आत आहे त्याची सही असलेली प्रत. पुण्यात शाळेत असताना नेहरू स्टेडियमच्या फाटकाशी उभं राहून रणजीच्या खेळाडूंच्या सह्या वहीत घ्यायचे, तेव्हापासूनची ही ओढ. पण पुस्तकावरच्या सहीचं मोल मला इथे आल्यावर कळलं. आपल्याकडे खेळाडूचं किंवा नटाचं आत्मचरित्र उघडलं की आतल्या पानावर 'शब्दांकन' आणि पुढे दुसऱ्याच कुणाचं नाव असतं. बेसबॉलचंही तसंच. हँक अ‍ॅरन यांचं 'आय हॅड अ हॅमर' १९९१ सालचं, सोबत लॉनी व्हीलर. जॅकी रॉबिन्सन यांचं पहिलं पुस्तक १९४८ चं, सोबत वेंडेल स्मिथ. आठवणी खेळाडूच्या, वाक्यं लेखकाची. तीनशे पानांच्या पुस्तकात त्या माणसाने स्वतःच्या हाताने लिहिलेली एकच ओळ असते, ती म्हणजे सही. मला ती ओळ हवी असते.

निग्रो लीग्ज बेसबॉल म्युझियम अठरावा रस्ता आणि व्हाइन स्ट्रीटच्या चौकाजवळ आहे, जॅझच्या संग्रहालयाला लागूनच. १९९० मध्ये हे काम एका छोट्या खोलीतून सुरू झालं, आताच्या इमारतीत ते १९९७ मध्ये आलं. नाव त्या काळचं आहे, म्हणून तसंच ठेवलेलं. कृष्णवर्णी खेळाडूंना मोठ्या लीगची दारं बंद होती, तेव्हा कृष्णवर्णी संघाचे मालक रूब फॉस्टर यांनी १३ फेब्रुवारी १९२० रोजी इथून चालत जाण्याच्या अंतरावर, पासेओ रस्त्यावरच्या वायएमसीएत संघमालकांना एकत्र बसवून निग्रो नॅशनल लीग उभी केली. ती इमारत बाहेरून पाहिली. विटांची, साधी.

संग्रहालयात शिरल्याबरोबर समोर मैदान दिसतं. खेळाडूंचे पुरुषभर उंचीचे ब्राँझचे पुतळे आपापल्या जागी उभे. पण आत जाता येत नाही, मध्ये खुराड्याला लावतात तसली तारेची जाळी आहे. त्या काळी प्रेक्षकांतही रंगावरून अशी जाळी घालून वेगळं बसवत. सगळी दालनं पाहून, सगळा इतिहास वाचून झाला की शेवटी वाट त्या मैदानावर उघडते. तोवर जाळीतूनच बघायचं. जाळीशी एक पुतळा गुडघ्यावर हात टेकून, मॅनेजर (म्हणजे संघाचा मुख्य प्रशिक्षक) उभा राहतो तसा, मैदानाकडे बघतो आहे. तो बक ओ'नील यांचा. मी त्याच्या शेजारी बराच वेळ उभी राहिले.

बक ओ'नील कोण, हे आपल्याकडे फार कुणाला ठाऊक नसेल, म्हणून थोडं सांगते. जन्म १९११, फ्लोरिडात. लहानपणी सॅरासोटाच्या सेलरीच्या शेतात राबले. गावातलं हायस्कूल गोऱ्यांचं, म्हणून तिथे प्रवेश नाही. (त्याच शाळेने १९९५ मध्ये त्यांना मानद पदविका दिली. ते तेव्हा त्र्याऐंशीचे.) निग्रो लीगमधल्या कॅन्सस सिटी मोनार्क्स संघाचे ते फर्स्ट बेसमन, म्हणजे पहिल्या बेसवरचे क्षेत्ररक्षक, पुढे मॅनेजर. पुढे मोठ्या लीगमधली वर्णभिंत मोडणारे जॅकी रॉबिन्सन १९४५ मध्ये याच मोनार्क्सकडून खेळले, बक तेव्हा नौदलात होते. १९६२ मध्ये शिकागो कब्ज या संघाने त्यांना कोच नेमलं, मोठ्या लीगमधले ते पहिले कृष्णवर्णी कोच. १९९४ मध्ये केन बर्न्स यांच्या बेसबॉलवरच्या माहितीपटातून ते घराघरांत पोचले, आणि दोन वर्षांनी आत्मचरित्र आलं. तुम्ही चुकीच्या काळात जन्मलात, फार लवकर जन्मलात, असं लोक त्यांना हळहळून म्हणत. मी अगदी वेळेवर आलो, हे त्यांचं उत्तर. तेच पुस्तकाचं नाव आहे, 'आय वॉज राइट ऑन टाइम'.

या पुस्तकाची सहीची प्रत मी सहा वर्षं शोधत होते. ऑनलाइन मिळत होत्या, घेतल्या नाहीत. त्याला कारण आहे. सुरुवातीच्या काळात मी एका मोठ्या बॅटरची 'सही केलेली' प्रत एका विक्रेत्याकडून फोटो बघून मागवली होती. भरपूर पैसे मोजले. पुस्तक हातात आलं, पान दिव्याखाली तिरकं धरलं आणि पोटात गोळा आला. पेनाचा दाब कुठेच नव्हता. खरी सही पानाच्या मागून बोटाला जाणवते, निदान बॉलपेनची तरी. जिथे एक रेघ दुसरीला ओलांडते तिथे शाई गडद होते. माझ्या प्रतीत रेघ सगळीकडे सारख्याच जाडीची होती, आणि भिंगातून बघितल्यावर छपाईचे ठिपके दिसले. पैसे परत मिळाले नाहीत. गेलेल्या पैशांपेक्षा त्या माणसाच्या नावाने कुणीतरी आपल्याशी खोटं बोललं, याने मला जास्त त्रास झाला. हा धंदा किती मोठा आहे हे नंतर वाचलं. एफबीआयने नव्वदच्या दशकात 'ऑपरेशन बुलपेन' नावाने खोट्या सह्यांच्या टोळ्यांचा माग काढला. सॅन दिएगोचा खेळाडू टोनी ग्विन याने स्वतःच्याच नावच्या खोट्या सह्या ओळखून दिल्या होत्या. तेव्हापासून भिंग माझ्या पर्समध्ये असतं, आणि पुस्तक हातात धरल्याशिवाय मी घेत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी जुन्या पुस्तकांचं एक दुकान गाठलं. खेळांचं कपाट अगदी आत, जमिनीलगत. फरशीवर बसकण मारली. तिथे ते पुस्तक माझ्याकडे पाठ करून ठेवलेलं होतं. जॅकेटच्या वरच्या कडेला थोडं फाटलेलं, आतल्या घडीवर छापील किंमत शाबूत, म्हणजे बुक क्लबची स्वस्त प्रत नव्हे. शीर्षकाच्या पानावर निळ्या बॉलपेनने एका अनोळखी माणसाचं नाव, आणि खाली सही. 'बी'ची वरची वाटी छोटी, खालची मोठी आणि थोडी पुढे झुकलेली. प्रत्येक अक्षर वाचता येईल असं. 'ओ'नंतरची अपॉस्ट्रॉफी नीट, घाई न करता दिलेली. पान उलटून मागून बोट फिरवलं. उठाव लागला. भिंग काढायला हात पर्समध्ये गेला खरा, पण डोळे भरून आले होते, भिंगातून काही दिसलंच नसतं.

ज्याला विकायचं असतं तो म्हणतो, दुसऱ्याचं नाव घातलेली प्रत नको, तिला भाव नाही. मला नेमकी तीच आवडते. नाव लिहिताना माणूस समोरच्याकडे बघतो, स्पेलिंग विचारतो. नुसत्या सह्या एका बैठकीत शंभर करता येतात. दुकानदारांनी बावीस डॉलर घेतले. बक इथलेच होते, म्हणाले, म्युझियममध्ये भेटेल त्याला सही द्यायचे, त्यामुळे शहरात घरोघरी आहेत अशा प्रती. रात्री ताईने ताटात वांगं वाढता वाढता पुस्तक बघायला मागितलं. मी तिला आधी हात धुवायला लावले.

बेसबॉलचं हॉल ऑफ फेम, म्हणजे थोर खेळाडूंच्या नावाच्या पाट्या लावून त्यांचा मान करणारं संग्रहालय, आहे न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाउनमध्ये. २००६ मध्ये निग्रो लीगशी संबंधित सतरा जणांची तिथे एकदम निवड झाली. बक यांचं नाव त्यात नव्हतं. तरी ३० जुलैला, चौऱ्याण्णवाव्या वर्षी, ते तिथे गेले आणि त्या सतरा जणांच्या वतीने बोलले. सगळे दिवंगत होते, बोलायला दुसरं कोण होतं. जमलेल्या लोकांना त्यांनी एकमेकांचे हात धरायला लावले आणि प्रेमाचं एक गाणं म्हणून घेतलं. ६ ऑक्टोबरला ते गेले. मी ते भाषण कितीदा ऐकलं असेल याची गणती नाही. आणि आता, २४ जुलै २०२२ रोजी, त्यांचं नाव तिथे लागणार होतं. पुस्तक घेऊन तिथे जायचं, हे कॅन्सस सिटीच्या त्या फरशीवर बसल्या बसल्याच ठरलं होतं.

आमच्याकडून कूपर्सटाउन चार-साडेचार तास. आय-८८ सोडून २८ नंबरच्या रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंना शेतं, गोठे, मधूनच दिसणारी सस्क्वेहाना नदी. ही नदी गावाच्याच ऑटसिगो तळ्यातून निघते. गाव जेमतेम दोन हजार वस्तीचं. समारंभाच्या दिवसांत ते आपल्या जत्रेसारखं फुलतं. गाडी गावाबाहेर लावून ट्रॉलीने आत यायचं. डोमिनिकन रिपब्लिकच्या डेव्हिड ऑर्टीझ या खेळाडूचाही मान त्याच दिवशी, म्हणून डोमिनिकन झेंडे खांद्यावर घेतलेली कुटुंबं मेन स्ट्रीटभर.

त्या रस्त्यावर दुकानांपुढे घडीची टेबलं मांडून जुने खेळाडू बसतात, तिकीट काढून सही घ्यायची. पैसे घेतात म्हणून नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. मला त्यात काही वावगं वाटत नाही. यांतले कितीतरी जण अशा काळात खेळले की हिवाळ्यात पोटासाठी दुसरी नोकरी करावी लागे. मी एका पिचरांच्या (चेंडू टाकणाऱ्या खेळाडूच्या) रांगेत होते. वय ऐंशीच्या पुढे, त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. बोटांची पेरं सुजून वाकडी झालेली. माझ्याकडे नेहमी दोन पेनं असतात, शार्पी म्हणजे मार्कर, आणि बॉलपेन. शार्पीची शाई पातळ कागदातून मागे उतरते, म्हणून शीर्षकाच्या पानासाठी बॉलपेन पुढे केलं. त्यांनी माझं नाव विचारलं. ज्ञानदा म्हटल्यावर थांबले, आणि डी, एन, वाय करत आठही अक्षरं मला एकेक करून विचारली, एकेक करून लिहिली. मागे तीसेक माणसं उभी होती. त्यांनी मान वर केली नाही. मिनेसोटाचे जुने खेळाडू हार्मन किलब्रू नव्या मुलांना बजावत असत की सही अशी करा की वाचता आली पाहिजे. त्या पिढीचा हात कसा चालतो ते मी त्या दिवशी एका फुटावरून पाहिलं.

समारंभ गावाबाहेरच्या हिरवळीवर. ऊन मी म्हणत होतं. बड फाउलर यांचाही तो दिवस. हे १८७८ मध्ये व्यावसायिक बेसबॉल खेळलेले, वाढले याच कूपर्सटाउनमध्ये. बक यांच्या घरच्यांतर्फे डॉ. अँजेला टेरी बोलल्या. मी छत्री मिटवून पुस्तक मांडीवर धरून बसले होते.

सोमवारी सकाळी दार उघडताच प्लाक गॅलरीत गेले. ओकची लांबट खोली, दोन्ही बाजूंच्या कोनाड्यांत ब्राँझच्या पाट्या. जॅकी रॉबिन्सन यांची पाटी २००८ मध्ये बदलली आहे. १९६२ च्या पाटीत फक्त खेळातली कामगिरी होती, कारण त्यांनीच तसं मागितलं होतं. आता त्यांनी मोडलेल्या वर्णभिंतीचाही उल्लेख आहे. पण मला पुढे जायचं होतं, नव्या पाट्यांकडे.

तिथे एक वृद्ध कृष्णवर्णी जोडपं आधीच उभं होतं. आजोबांच्या डोक्यावर मोनार्क्सची टोपी. मी पुस्तक उघडून पाटीच्या दिशेने धरलं, तशी आजी जवळ आल्या. बघू का, म्हणून त्यांनी पान आपल्याकडे वळवलं आणि वर लिहिलेलं ते अनोळखी नाव मोठ्याने वाचलं. मग नवऱ्याला हाक मारली.

आजोबांनी मागच्या खिशातून पाकीट काढलं. पाकिटातून प्लास्टिकच्या वेष्टणातलं एक कार्ड, कोपरे गोल झालेलं. बोलले काहीच नाहीत. ते कार्ड त्यांनी माझ्या पानावर, सहीच्या बरोबर खाली, अलगद टेकवलं. दोन्ही 'बी' पुढे झुकलेले, वरची वाटी छोटी, खालची मोठी.