तांबडं काढा, काळं राहू द्या

जुनी, गंजलेली पटाशी हाती लागली की पहिली खाज सुटते ती तिला चकचकीत करायची. ग्राइंडरला तारेचं चाक लावा, पाच मिनिटांत काम फत्ते, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्या हातात मी माझी हत्यारं देत नाही. चाक एका जागी जरा जास्त टेकलं की पातं तापतं. धारेवर आधी पिवळट झाक येते, मग जांभळी, मग निळी. पटाशीची धार निळी पडली की तिचं पाणी, म्हणजे पोलादाला दिलेला कडकपणा, उतरलंच समजा. घडवणाऱ्याचा पुसट छाप जातो तो वेगळाच.

मी आधी नखाने खरवडून बघतो. तांबडा गंज भुसभुशीत असतो, ओल धरून ठेवतो आणि आतलं लोखंड खात राहतो. तो काढायचाच. त्याच्याखालचा काळा, घट्ट बसलेला थर म्हणजे बहुतेकदा मॅग्नेटाइट. तो लोखंडाला थोडंफार राखतो, म्हणून त्याला मी हात लावत नाही.

पातळ मशीन ऑइल लावून रात्रभर ठेवायचं. सकाळी पितळी ब्रश किंवा अगदी बारीक स्टील वूल घेऊन पात्याच्या लांबीच्या दिशेने घासायचं, धारेवर आडवं नाही. जुन्या हत्याराला रंग असेल तर कोरडं घासूच नका. त्यात शिसं असू शकतं.

एवढ्याने भागलं नाही तरच सायट्रिक ॲसिड, लिटरभर पाण्यात साधारण ५० ग्रॅम. हातमोजे आणि चष्मा हवाच. दर अर्ध्या तासाने काढून बघायचं, कारण गंज संपला की ॲसिड लोखंडावर येतं आणि पातं राखाडी, मेलेलं दिसायला लागतं. नंतर खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवायचं, धुवायचं, लगेच कोरडं करून तेल लावायचं. ओलं ठेवलंत तर बघता बघता पुन्हा तांबूस छटा येते. स्प्रिंगा आणि कडक पाणी दिलेली करवत मी ॲसिडात घालत नाही, हायड्रोजन शिरून ती ठिसूळ होऊ शकतात. नक्षीचं किंवा मुलामा दिलेलं पातं तर मुळीच नाही. ते संवर्धन करणाऱ्या माणसाकडेच न्यावं.

बॅटरी चार्जर लावून, म्हणजे हत्यार पाण्यात बुडवून त्यातून वीज सोडून, गंज काढणाऱ्यांना एकच विनंती: हत्यार नसलेल्या दुसऱ्या टोकाला स्टेनलेस स्टील लावू नका, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. साधं लोखंड लावा, आणि हायड्रोजन सुटतो म्हणून काम उघड्यावर करा.

मुठीला जवसाचं तेल लावलंत तर ते फडकं चुरगाळून टाकू नका, आपोआप पेट घेऊ शकतं. पसरून वाळवा.