भंगारात आलेला बोटीचा पंखा: ओळख आणि किंमत

पवनीकडच्या एका परिचित भंगार व्यापाऱ्याकडे जुन्या पितळी भांड्यांच्या मोडीबरोबर तीन पात्यांचा एक जड पंखा आला. आयटीआयमध्ये फिटरचे काम शिकवण्यात माझी नोकरीची वर्षे गेली असल्यामुळे असल्या अनोळखी वस्तू तो माझ्याकडे दाखवायला आणतो. या वेळी त्याचा प्रश्न सरळ होता: हा पंखा मोडीच्या भावाने भट्टीला द्यावा, की याचे त्याहून अधिक पैसे येतील? समुद्रापासून इतक्या दूर हा प्रश्न पडणे विचित्र वाटेल. परंतु भंडारा हे पितळी भांड्यांसाठी नावाजलेले शहर आहे, आणि जिथे पितळ वितळते तिथे दूरदूरची मोड येत राहते.

प्रथम, तो बोटीचाच आहे का, हे ठरवावे लागते. उपसा सिंचनाच्या मोठ्या पंपांतही पात्यांचा पंखा असतो. मात्र पंपाचा पंखा नळीसारख्या आवरणात अगदी थोड्या फटीने फिरत असल्याने त्याच्या पात्यांची टोके वर्तुळाच्या रेषेत कापल्यासारखी असतात. बोटीच्या नेहमीच्या पंख्याची पाती टोकाला गोलाई घेतात. आमच्या पंख्याची टोके गोल होती. मधल्या हबचे भोक एका बाजूकडे निमुळते होत गेलेले होते आणि आत चावी बसवण्याची खाच होती, म्हणजे इंजिन बोटीच्या आत आणि शाफ्ट तळातून बाहेर, अशा रचनेतला हा पंखा. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यावर दिसणाऱ्या, मागे टांगलेल्या इंजिनांच्या बोटींचे पंखे बहुधा ॲल्युमिनियमचे असतात. त्यांच्या हबमध्ये रबरी बुश आणि दातेरी भोक असते, आणि पुष्कळदा इंजिनाचा धूरही पोकळ हबमधूनच पाण्यात सोडलेला असतो.

यानंतर हब वाचावा. पॉलिश मारण्याची घाई करू नये, कारण ठोकलेले आकडे आणि कारखान्याचे नाव बफिंगच्या चाकाखाली सर्वांत आधी पुसले जाते. मी रॉकेल आणि दात घासण्याचा जुना ब्रश एवढ्यावरच काम भागवले. काळा थर निघाल्यावर ‘१६’, ‘आरएच’ आणि ‘१२’ अशी अक्षरे दिसली. पहिला आकडा व्यासाचा, शेवटचा पिचचा (एका फेऱ्यात पुढे सरकण्याच्या अंतराचा), दोन्ही इंचांत; मधली अक्षरे उजव्या हाताच्या पंख्याची, म्हणजे मागून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरून बोट पुढे नेणाऱ्या पंख्याची. पंखा जमिनीवर आडवा ठेवून बाजूने पाहिले, तर अशा पंख्याचे पाते नेहमीच्या स्क्रूच्या आट्याप्रमाणे डावीकडून उजवीकडे चढत जाते, आणि पंखा उलटा ठेवला तरी हे बदलत नाही.

अक्षरे झिजलेली असली तरी मोजमापाने हे सारे काढता येते, आणि खरे सांगायचे तर मला अक्षरांपेक्षा मोजमापावर अधिक विश्वास आहे, कारण दुरुस्तीत पात्यांचा पिच बदललेला असू शकतो. तीन पात्यांत टोकासमोर टोक येत नाही. म्हणून भोकाच्या केंद्रापासून एका टोकापर्यंतचे अंतर मोजून दुप्पट करायचे. आमचे अंतर ८ इंच भरले. पिच म्हणजे न घसरता एका फेऱ्यात पंखा जितका पुढे सरकेल ते अंतर. त्यासाठी सपाट फरशीवर पंखा ठेवून, केंद्रापासून त्रिज्येच्या ०.७ पट अंतरावर, म्हणजे ५.६ इंचांवर, पात्याच्या दोन ठिकाणांची फरशीपासूनची उंची गुण्या (काटकोन तपासण्याची पट्टी) लावून घेतली. त्या दोन ठिकाणांमधला कोन ४५ अंश आणि उंचीतला फरक दीड इंच. पूर्ण फेऱ्यात असे आठ कोन, म्हणून पिच १२ इंच. तिन्ही पात्यांवर हेच उत्तर जुळले, म्हणजे पाती वाकलेली नव्हती.

धातूच्या बाबतीत मात्र नावाने फसगत होते. असल्या पंख्याला दुकानदार ‘मँगनीज ब्राँझ’ म्हणतात, आणि ब्राँझ म्हणजे कासे. प्रत्यक्षात त्यात साधारण ५८ टक्के तांबे आणि ३९ टक्के जस्त असते, म्हणजे ते भक्कम पितळच. भंडाऱ्याच्या एका वयस्क ओतारीकाकांनी कानशीचा एक हात मारला आणि म्हणाले, “हे पितळच आहे जी, कासं नाही.” मी काट्यावर खात्री केली. कोरडे वजन ९.१ किलो, दोरीने पाण्यात पूर्ण बुडवून टांगल्यावर ८ किलो, ९.१ ला या घटीने, म्हणजे १.१ ने, भागल्यास घनता ८.३ च्या जवळ येते, जी या धातूला शोभते. बोटीच्या पंख्यांच्या दुसऱ्या धातूची, निकेल-ॲल्युमिनियम ब्राँझची, घनता ७.६ च्या आसपास भरते, आणि तो माल ओतारी आपल्या मुशीत घेत नाहीत, कारण त्यातले ॲल्युमिनियम पुढच्या ओतकामात दोष आणते. लोहचुंबक जोरात चिकटले, तर वस्तू बिडाची किंवा लोखंडाची समजावी.

दोन पात्यांच्या कडांना गुलाबी छटा होती. खाऱ्या पाण्यात पितळेतले जस्त निघून जाते आणि ठिसूळ तांबे मागे उरते, त्याची ही खूण. आमच्या तलावांच्या गोड्या पाण्यात इतके सहसा होत नाही, त्यामुळे हा पंखा समुद्रावर राबला असावा, असे मी मानतो. टांगून लाकडी हातोडीने ठोकल्यावर दोन पाती घणघणली, तिसऱ्याचा आवाज बसका आला. पात्याच्या मुळाशी बारीक भेग दिसली.

त्या भेगेने किमतीचा प्रश्न बराचसा सोडवला. निर्दोष पंखा किनाऱ्यावरच्या एखाद्या मच्छीमाराच्या उपयोगी पडला असता, तोही त्याच्या शाफ्टचा निमुळतेपणा, फेऱ्याची दिशा आणि पिच हे सारे जुळले तरच. इथल्या ढिवर बांधवांच्या डोंग्यांना त्याचा उपयोग शून्य. अमेरिकेतील मिशिगन व्हील किंवा कोलंबियन ब्राँझ यांसारख्या जुन्या कारखान्याचे नाव हबवर असते, तर जुन्या बोटी जपणाऱ्या संग्राहकांनी रस घेतला असता. आमच्या पंख्यावर नाव नाही.

उरतात दोन भाव. एक मोडीचा: त्या दिवशीचा पितळेचा दर गुणिले नऊ किलो, आणि तो गनमेटलचा (तांबे-कथलाच्या मिश्रधातूचा) नव्हे, पितळेचाच धरावा. दुसरा शोभेचा: पेंच, नवेगावकडच्या रिसॉर्टवाल्यांना अशी वस्तू भिंतीवर हवी असते आणि भेगेचे त्यांना सोयरसुतक नसते. माझ्या मते मोडीच्या दीडपट ही रास्त मागणी आहे. व्यापाऱ्याला मात्र ‘शंभर वर्षांपूर्वीचा’ अशी पाटी लावायची होती. त्याला पुरावा नाही. शिवाय शंभर वर्षांहून जुन्या वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याच्या कक्षेत येऊ शकतात आणि अशा पुरावशेषांची खासगी निर्यात करता येत नाही, हे सांगितल्यावर त्याने तो नाद सोडला. मापे, धातू आणि तिसऱ्या पात्याची भेग एवढे मी कागदावर लिहून दिले आहे. गिऱ्हाइकाला तो कागद आधी दाखवायचा, असे आमचे ठरले.